उरलेल्या १८० मिनिटांचा प्रश्न
चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलातील छोट्या शाळा आणि त्यांचे शिक्षक

मराठी वाचकाला खेड्यातला मास्तर नवा नाही. व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी'त (१९५५) औंध संस्थानातल्या धनगरवस्तीवर नेमलेला तरुण शिक्षक गावकऱ्यांच्या अडीअडचणींत पडतो, त्यांची कामे अंगावर घेतो, तालीम उभी करायला पुढे होतो आणि दुष्काळात वस्ती उठताना पाहतो. वेगवेगळ्या वयाच्या मुलांना एकटा माणूस एकाच वेळी कसे शिकवतो, हे मात्र तिथे ओझरतेच येते. कादंबरीचा विषय गाव आहे, त्यामुळे ते स्वाभाविकच. पण नंतरही आपली नजर तिथेच राहिली. दुर्गम भागातला शिक्षक म्हटला की नदी ओलांडणारा, पदरमोड करणारा, सुटी न घेणारा माणूस डोळ्यांसमोर येतो. त्याच्या वर्गातले तास आपल्याला दिसत नाहीत.

सिरोंचा तालुक्यातील आसरअल्लीचे खुर्शीद शेख यांना २०२१ मध्ये आणि एटापल्ली तालुक्यातील जाजावंडीचे मांतय्या बेडके यांना २०२४ मध्ये राष्ट्रीय शिक्षक पुरस्कार मिळाला. दोन्ही निवडी अभिमान वाटावा अशाच आहेत. तरी पुरस्कार एखाद्यालाच मिळतो आणि शाळा गावोगाव असतात. म्हणून या लेखाचा प्रश्न वेगळा आहे. सर्वसाधारण ताकदीचा, घरी म्हातारे आईवडील किंवा लहान मूल असलेला, अधूनमधून तापाने आजारी पडणारा शिक्षक अशी शाळा वर्षानुवर्षे नीट चालवू शकेल का? चालवायची तर त्याला काय लागेल?

मुलूख आणि त्याचे वेळापत्रक

२६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरचे विभाजन होऊन गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा झाला. कोरचीपासून सिरोंचापर्यंत बारा तालुके आणि बहुतांश जमिनीवर जंगल, असा हा जिल्हा. चंद्रपूरकडे जिवती-कोरपन्याचे डोंगर आणि ताडोबाभोवतीची गावे. वस्त्या विरळ, म्हणून शाळा लहान. शिक्षणहक्क कायद्याने (२००९) प्राथमिक शाळेत साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक ठरवून दिले आहेत. त्यामुळे दोन शिक्षक आणि चार-पाच इयत्ता हेच इथल्या असंख्य शाळांचे नेहमीचे रूप आहे.

या शाळांचा पाठ्यपुस्तकातल्या महिन्यांशी मेळ बसत नाही. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो. दिवाळीनंतर गावोगावी मंडई भरते, रात्रभर झाडीपट्टीचे नाटक रंगते आणि दुसऱ्या दिवशी वर्ग अर्धा रिकामा असतो. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहफुले वेचायला सगळे घर बाहेर पडते, आणि उन्हाळ्यात तेंदूपानाचा हंगाम येतो. चंद्रपूरच्या काही गावांत वाघाचा वावर वाढला की मुलांना एकटे पाठवायला पालक धजत नाहीत. गैरहजेरीला शिस्तीचा प्रश्न मानणारा शिक्षक इथे पहिल्या वर्षीच दमतो. ती इथल्या जगण्याची लय आहे. अध्यापनाची पद्धतच अशी हवी की आठ दिवसांनी परतलेल्या मुलाला आपली जागा पुन्हा सापडावी.

साधे गणित

कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन हवे. म्हणजे दिवसाला चार तास, २४० मिनिटे. दोनपैकी एक शिक्षक प्रशिक्षणाला, बैठकीला किंवा रजेवर गेला, असे समजू. मागे राहिलेल्या शिक्षकापुढे चार इयत्ता आहेत आणि भाषा, गणित, इंग्रजी, परिसर हे चार विषय. म्हणजे सोळा पाठ. २४० भागिले १६, तर एका पाठाला १५ मिनिटे. एका मुलाच्या वाट्याला दिवसभरात शिक्षक येतो तो साठ मिनिटे. उरलेली १८० मिनिटे ते मूल काय करते?

बहुतेक वेळा ते फळ्यावरचे उतरवून काढते, पाढे लिहिते किंवा शेजाऱ्याला ढोसते. शिक्षक एका वर्गाला शिकवत असताना तिघांना 'गप्प बसा' म्हणत राहतो. संध्याकाळी त्याचा घसा बसतो, अंग मोडून येते आणि आज कुणाला काही शिकवले का, याची खात्री वाटत नाही. हा थकवा शिकवण्याचा कमी आणि राखण करण्याचा जास्त असतो. मुलांचे शिकणे आणि शिक्षकाचे स्वास्थ्य हे दोन वेगळे विषय नाहीत, असे म्हणायचे कारण हेच. दोन्हींची किल्ली त्या १८० मिनिटांत आहे.

हा प्रश्न जुना आहे

अठराव्या शतकाच्या अखेरीस मद्रासच्या अनाथालयात अँड्र्यू बेल याने मोठ्या मुलांकडून लहानांना शिकवण्याची पद्धत बसवली. वाळूत अक्षरे गिरवणारी मुले त्याने इथल्याच शाळेत पाहिली होती. आपल्याकडच्या पंतोजींच्या धूळपाटीचीच ती भावंडे. ही 'मद्रास पद्धत' पुढे इंग्लंडात गेली. मात्र तिच्यात पाठांतराचा भर होता आणि मुलाच्या स्वतंत्र गतीला जागा नव्हती.

ती जागा विसाव्या शतकात मिळाली. कोलंबियात १९७० च्या दशकात व्हिकी कोल्बर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ग्रामीण बहुवर्ग शाळांसाठी 'एस्क्वेला न्वेवा', म्हणजे नवी शाळा, ही पद्धत उभारली. मूल स्वयंअध्ययनाच्या पुस्तिकेवरून आपल्या गतीने पुढे जाते आणि शिक्षक गटागटांत फिरतो. आंध्र प्रदेशातील ऋषी व्हॅलीच्या परिसरात रमा आणि पद्मनाभ राव यांनी खेड्यांतल्या एकशिक्षकी शाळांसाठी 'शिकण्याची शिडी' तयार केली. अभ्यासक्रमाचे छोटे टप्पे, प्रत्येक टप्प्याला चित्रखुणांची कार्डे, आणि मूल जिथे थांबले तिथूनच पुढे. भातलावणीहून परतलेल्या मुलाला अशा शाळेत 'मागे पडलेला' म्हणावे लागत नाही.

महाराष्ट्रातही ही परंपरा आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडच्या आदिवासी पट्ट्यात गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा चालवली. मूल शाळेत येत नाही तर शाळा कुरणात जाईल, असा तो विचार. अलीकडच्या काळात साताऱ्याच्या कुमठे बीटमध्ये प्रतिभा भराडे यांच्या पुढाकाराने जिल्हा परिषद शाळांत ज्ञानरचनावादी वर्ग उभे राहिले आणि ते पाहायला राज्यभरातून शिक्षक गेले.

त्याच वेळेची वेगळी घडी

या सगळ्यातून दुर्गम शाळेतल्या शिक्षकाने उद्यापासून काय उचलावे? पहिली गोष्ट, दिवसाची घडी बदलावी. २४० मिनिटांपैकी साठ मिनिटे सगळी शाळा एकत्र बसवावी. परिपाठ, गोष्ट, गाणे आणि परिसराचा विषय यांना इयत्तेच्या भिंती लागत नाहीत. उरलेल्या १८० मिनिटांसाठी मुलांचे इयत्तेऐवजी वाचनाच्या किंवा गणिताच्या पातळीनुसार तीन गट करावेत आणि प्रत्येकाला शिक्षकाची साठ मिनिटे द्यावीत. एक गट शिक्षकासोबत, दुसरा जोडीने, तिसरा एकट्याने सराव करणारा, आणि मग अदलाबदल. आता हिशेब पुन्हा मांडू. मुलाला शिक्षक मिळाला १२० मिनिटे, म्हणजे दुप्पट. एक मिनिटही वाढवावे लागले नाही.

दुसरी गोष्ट, विषय एक आणि खोली वेगवेगळी. तेंदूपानाचेच पाहा. सत्तर पानांचा एक पुडा आणि हजार पुड्यांची एक प्रमाणित गोणी, हा हिशेब इथल्या मुलाने तेंदूफळीवर ऐकलेला असतो. पहिलीचे मूल दहा-दहा पानांच्या जुड्या बांधेल, दुसरीचे सत्तरपर्यंत मोजेल, तिसरीचे पाच पुड्यांची पाने काढेल, चौथीचे घरच्या पुड्यांची मजुरी मांडेल. पाठ एकच आणि तयारीही एकदाच.

तिसरी गोष्ट, वह्या तपासण्याचा डोंगर कमी करावा. सरावाच्या कार्डामागे उत्तर लिहिले की मूल स्वतः पडताळते. शिक्षकाने रोज एकाच गटाच्या वह्या, मूल समोर बसवून पाहाव्यात. आठवड्यानंतर लाल शाईत परतलेल्या चुकीपेक्षा समोर दाखवलेली चूक मुलाला अधिक शिकवते.

चौथी गोष्ट, आवाज जपावा. सूचना ओरडून देण्याऐवजी ठरलेली टाळी किंवा घंटी वापरावी. शाळा भरण्याआधीच फळ्यावर प्रत्येक गटाचे पहिले काम लिहिलेले असावे. पहिली दहा मिनिटे शांत गेली की पुढचा दिवस सोपा जातो.

या घडीला एक पूर्वअट आहे. एकट्याने काम करण्याची सवय मुलांना आधी लावावी लागते. जूनअखेरीस शाळा उघडली की पहिले तीन-चार आठवडे धडे मागे ठेवून हेच शिकवावे. कार्ड कुठून घ्यायचे, अडले तर आधी कुणाला विचारायचे, झाल्यावर कुठे ठेवायचे. हा वेळ वाया गेला असे वाटते, पण पुढे वर्षभर तोच परत मिळतो.

भाषेची पहिली पायरी

इथे घरची भाषा एक नाही. भामरागड-एटापल्लीत माडिया, अनेक तालुक्यांत गोंडी, सिरोंच्यात तेलुगू, कोरचीकडे छत्तीसगढी, चामोर्शी-मुलचेऱ्यातल्या निर्वासित वसाहतींत बंगाली, जिवतीकडे कोलामी, आणि भातपट्ट्यात झाडीबोली. २०११ च्या जनगणनेनुसार देशात गोंडी बोलणारे सुमारे तीस लाख आहेत. तरी गोंड मूल शाळेत पाऊल टाकते तेव्हा त्याची 'एर' एकाएकी 'पाणी' होते. ते गप्प बसते आणि आपण त्याला मंद समजतो. शिक्षणहक्क कायद्याचे २९ वे कलम शक्य तितके मातृभाषेतून शिकवावे असे सांगते. धानोरा तालुक्यातील मोहगावच्या ग्रामसभेने तर २०१९ पासून स्वतःच गोंडी माध्यमाची शाळा सुरू केली.

बाहेरून आलेल्या शिक्षकाला ही भाषा पहिल्या दिवशी येणार नाही. पण एक वही ठेवून रोज दोन शब्द मुलांकडून शिकता येतात. शिक्षक चुकतो, मुले हसून सुधारतात, आणि तिथेच वर्गातली भीती संपते. चौथीची मुलगी पहिलीच्या गटाची दुभाषी होऊ शकते. गावातली आजी आठवड्यातून एकदा तिच्या भाषेत गोष्ट सांगू शकते. कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश पालक असतात. सह्यांपलीकडे त्यांना काम द्यायचे तर ते हे.

शिक्षकाचा जीव

वर्गाची घडी बसली तरी वर्गाबाहेरचे ओझे उरतेच. पोषण आहाराच्या नोंदी, ऑनलाइन माहिती, तातडीचे टपाल, निवडणुकीची कामे. शिक्षणहक्क कायद्याच्या २७ व्या कलमाने जनगणना, आपत्तीनिवारण आणि निवडणुका सोडून इतर बिगरशैक्षणिक कामांना मनाई केली आहे. पण अहवाल आणि माहिती भरणे 'शैक्षणिक' ठरते आणि दिवस खाते. नेटवर्कसाठी टेकडी चढावी लागते तिथे दोन मिनिटांची नोंद दोन तास घेते.

यावर शिक्षकाच्या हातात थोडेच आहे, पण तेवढे करावे. कागदपत्रांची वेळ शाळा सुटल्यानंतरची ठरवून टाकावी. फोन वर्गात कपाटात ठेवावा. दोघे शिक्षक असतील तर एका आठवड्याचे टपाल एकाने, दुसऱ्या आठवड्याचे दुसऱ्याने सांभाळावे, म्हणजे रोज एक वर्ग तरी अखंड चालतो. बाकीचे काम वरच्यांचे आहे. एकच माहिती तीनदा न मागणे हीसुद्धा शिक्षकाची सेवाच आहे.

दुसरे ओझे एकटेपणाचे. २०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने कामातून येणाऱ्या या विझून जाण्याला आजार न म्हणता कामाच्या ठिकाणाशी जोडलेली अवस्था म्हटले. तिची लक्षणे तीन : संपून गेल्यासारखा थकवा, कामाबद्दल तुटकपणा किंवा कडवटपणा, आणि आपल्या हातून काही होत नाही ही भावना. मुलांची नावे घेण्याऐवजी 'ही पोरं अशीच' असे शब्द तोंडी येऊ लागले की दुसरे लक्षण सुरू झाले समजावे. महाराष्ट्राच्या बदली धोरणात अशा शाळा 'अवघड क्षेत्र' म्हणून ओळखल्या जातात. त्यामुळे पुष्कळांचे मन बदलीच्या यादीत अडकलेले असते, आणि त्यांना दोष देता येत नाही. कुटुंब दोनशे किलोमीटरवर ठेवून राहणे सोपे नसते.

यावर उपाय साधे आहेत, पण ठरवून करावे लागतात. मच्छरदाणी, उकळलेले पाणी, वेळेवर जेवण आणि ताप आल्यावर अंगावर न काढता रक्ततपासणी. मलेरियाच्या मुलखात हे शिक्षणाचेच भाग आहेत. केंद्राच्या शिक्षण परिषदेत अर्धा तास आढाव्याऐवजी 'या महिन्यात काय जमले, काय अडले' यासाठी राखून ठेवता येईल. नव्या शिक्षकाला पहिल्या वर्षी शेजारच्या शाळेतला जुना सोबती जोडून देता येईल. मन फारच खचले तर 'टेलिमानस'चा १४४१६ हा सरकारी दूरध्वनी क्रमांक २०२२ पासून उपलब्ध आहे. तो वापरण्यात कमीपणा नाही.

जिवती तालुक्यातील पालडोहची जिल्हा परिषद शाळा वर्षाचे ३६५ दिवस भरणारी म्हणून नावाजली गेली. तिथल्या शिक्षकांचे आणि गावाचे ते कर्तृत्व आहे. पण असे उदाहरण सर्वांपुढे माप म्हणून ठेवले की सुटी घेणारा शिक्षक अपराधी ठरतो. शाळा शिक्षकाच्या विश्रांतीवर डल्ला मारून चालत असेल, तर त्याची बदली झाली की ती पुन्हा पहिल्या जागी येते. कार्डे, गटांची सवय, भाषेची वही आणि गावाचा सहभाग मात्र शिक्षक गेल्यावरही शाळेत राहतात.

म्हणून यापुढे दुर्गम शाळेची बातमी वाचताना शिक्षकाने किती नद्या ओलांडल्या याबरोबर आणखी दोन गोष्टी विचारून पाहाव्यात. शिक्षक दुसऱ्या गटाजवळ बसला होता तेव्हा बाकीची मुले काय करत होती? आणि संध्याकाळी त्या शिक्षकाच्या अंगात घरी पत्र लिहिण्याइतकी, पुस्तक उघडण्याइतकी ताकद उरली होती का? दोन्हींची उत्तरे चांगली असतील तर ती शाळा टिकेल.