धाकट्या भावंडाचे गंभीर आजारपण आणि किशोरवयीन विद्यार्थी : एक विवेचन

प्रस्तावना :
घरातील मुलास दुर्धर आजार जडला की वैद्यकीय यंत्रणा व आप्तेष्ट यांचे लक्ष त्या मुलाकडे आणि त्याच्या आईवडिलांकडे वेधले जाते. हे स्वाभाविकच आहे. परंतु त्याच घरातील अकरावी-बारावीत शिकणाऱ्या थोरल्या भावंडाच्या मनावरील ताण बहुधा दुर्लक्षित राहतो. प्रस्तुत लेखात बालकांच्या रक्तकर्करोगाच्या संदर्भात या प्रश्नाचा विचार केला आहे.

आजाराचे स्वरूप व कुटुंबावरील परिणाम :
बालकांच्या कर्करोगांत तीव्र लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियाचे प्रमाण सर्वाधिक आहे. आज बहुसंख्य मुले या आजारातून बरी होऊ शकतात. मात्र उपचार साधारणतः दोन ते तीन वर्षे चालतात. कनिष्ठ महाविद्यालयाचा काळही दोनच वर्षांचा. अकरावीच्या प्रवेशाच्या सुमारास निदान झाल्यास बारावीच्या परीक्षेपर्यंतचा सर्व काळ आजारपणाने व्यापला जातो. मुंबईतील टाटा स्मारक रुग्णालयात उपचारांसाठी दूरच्या गावांहून येणाऱ्या पालकांना तेथे दीर्घकाळ मुक्काम करावा लागतो. मागे राहिलेल्या घराचा भार थोरल्या अपत्यावर, विशेषतः मुलीवर, पडतो. पालकांची भूमिका पार पाडणाऱ्या अशा अपत्याचा विचार साल्वादोर मिनुशिन यांनी कुटुंब-मानसशास्त्रात केला आहे.

किशोरवयीनाची मनोवस्था :
एरिक एरिक्सन यांनी १९५० मध्ये मांडलेल्या सिद्धान्तानुसार स्वत्वाचा शोध हे या वयाचे प्रमुख कार्य होय. नेमक्या याच वेळी स्वतःविषयी विचार करणे त्यास अपराध वाटू लागते. आईवडिलांचा सहवास दुरावल्याचा राग येतो आणि त्या रागाची लाजही वाटते. केमोथेरपीमुळे रुग्णाची प्रतिकारशक्ती क्षीण होते. कांजिण्यांसारखा संसर्गही जिवावर बेतू शकतो. त्यामुळे गर्दीच्या वर्गातून घरी परतताना आपणच आजार नेऊ, ही धास्ती असते. आजार उलटल्यास अस्थिमज्जा प्रत्यारोपणाचा पर्याय पुढे येऊ शकतो. सख्ख्या भावंडाचे एचएलए घटक पूर्णतः जुळण्याची शक्यता २५ टक्के असते. ते न जुळल्यास आपण उपयोगी पडलो नाही, आणि जुळूनही प्रत्यारोपण अयशस्वी झाल्यास आपलेच काही उणे पडले, असा निराधार दोष ते मूल स्वतःकडे घेऊ शकते. ‘किती समजूतदार आहे’ या कौतुकाने तर त्याचे बोलणेच खुंटते. कारण समजूतदार मुलाने तक्रार करावयाची नसते.

अध्यापकांची भूमिका :
आंतरराष्ट्रीय बालकर्करोग संघटनेने १९९९ मध्ये भावंडांच्या साहाय्याविषयी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. तथापि, भावंड रुग्णालयात क्वचितच येते. महाविद्यालयात मात्र ते रोज दिसू शकते. वाढती अनुपस्थिती, अपूर्ण प्रात्यक्षिक वही आणि अकारण चिडचिड यांमागील कारण शिक्षेपूर्वी जाणून घ्यावे. ‘भाऊ कसा आहे?’ असे सर्वच विचारतात. ‘तू कसा आहेस?’ हा प्रश्न एकांतात विचारावा व मिळालेली माहिती गोपनीय ठेवावी. प्रात्यक्षिके आणि चाचण्यांच्या तारखांत शक्य ती सवलत द्यावी. आवश्यकतेनुसार समुपदेशकाकडे पाठवावे. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या शासकीय ‘टेली-मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांकही सांगावा.

समारोप :
सारांश, धाकट्याच्या उपचारांचा काळ हाच थोरल्याच्या घडणीचा काळ असतो. तो पुन्हा येत नाही. घराचे लक्ष अपरिहार्यपणे दुसरीकडे असताना त्याची स्वतंत्र दखल घेणे, हा अध्यापनकर्तव्याचाच भाग होय.