तिघांचा होकार, एकाचा नकार

अमेरिकेतल्या हेलिकॉप्टर रुग्णवाहिकेच्या तळावर मध्यरात्री फोन येतो, तेव्हा वैमानिकाला कुठून कुठे जायचे एवढेच सांगतात. रुग्ण तान्हे मूल आहे की म्हातारा, हे अनेक तळांवर त्याच्या कानावर मुद्दाम येऊ देत नाहीत. कळले, की ढगांकडे काणाडोळा करण्याचा मोह होतो. हवामान पाहून तो हो म्हणाला, तरी सोबतच्या नर्सला किंवा पॅरामेडिकला शंका आली की उड्डाण रद्द. निघायला तिघांचा होकार लागतो, थांबायला एकाचा नकार पुरतो.

ही शिस्त फार किंमत मोजून आली. डेन्व्हरच्या सेंट अँथनी रुग्णालयाने 1972 मध्ये अशी सेवा सुरू केली. पुढे 2002 पासून ज्येष्ठांच्या मेडिकेअर या सरकारी विम्याने खेड्यातून रुग्ण आणल्यास दीडपट दर द्यायला सुरुवात केली. तळ वाढले, स्पर्धाही वाढली. एका कंपनीने खराब हवेमुळे नकार दिला, की तो नकार न सांगताच दुसरीला फोन जायचा. जानेवारी 2002 ते जानेवारी 2005 या काळात रुग्णवाहिकेची विमाने आणि हेलिकॉप्टर मिळून 55 अपघात झाले, 54 जीव गेले. यातल्या 35 अपघातांत रुग्ण आत नव्हताच! रुग्णाला आणायला जाताना किंवा सोडून परतताना हवामानाचे सैल नियम लागू व्हायचे. नर्स मात्र आतच बसलेली असायची.

खेड्यावर रात्री खाली दिवा दिसत नाही. ढगात शिरलेल्या वैमानिकाला क्षितिज हरवते, आणि आपण सरळ उडतो आहोत असे वाटत असतानाच यंत्र कलत जाते.

2014 मध्ये अमेरिकेच्या विमानवाहतूक प्रशासनाने नियम आवळले. वैद्यकीय कर्मचारी आत असतील तर रुग्ण नसतानाही कडक नियम. समोरच्या डोंगराचा इशारा देणारे यंत्र. दहा किंवा अधिक हेलिकॉप्टर असलेल्या कंपनीला नियंत्रण कक्ष. कडक नियमांनी खेडी तुटतील ही भीती रास्त होती. पण याच नियमावलीत एक दारही उघडले. जिथे हवामान केंद्र नाही अशा गावी पूर्वी यंत्रांच्या आधारे उतरायला परवानगी नसे. आता 15 सागरी मैलांच्या, म्हणजे सुमारे 28 किलोमीटरच्या आत मान्यताप्राप्त नोंद मिळत असेल आणि प्रशासनाची मंजुरी असेल, तर तसे उतरता येते. सपाट प्रदेशात तळाजवळच्या रात्रीच्या उड्डाणाला ढग 1,000 फुटांवर हवेत. नाईट व्हिजन गॉगल असतील तर 800 फूट चालतात. साधने आणा, सवलत घ्या, असा हा सौदा आहे आणि मला तो शहाणपणाचा वाटतो.

पैशाची बाजू मात्र लंगडीच राहिली. मेडिकेअर रुग्ण नेला तरच पैसे देते. खराब हवेतल्या रास्त नकाराला काहीच मिळत नाही. ग्रामीण तळांना फेऱ्यांऐवजी सज्ज राहण्याचे पैसे द्यायला हवेत.