अणुकरार नुसते कागदावरच राहिले का?

अण्वस्त्रप्रसारबंदी करार म्हणजे बड्या देशांचा दुटप्पीपणा, म्हणून तो कुचकामी, असं आपल्याकडे सर्रास बोललं जातं. यातला पहिला भाग बराचसा खरा आहे. १९६७ पूर्वी अणुस्फोट केलेल्या पाच देशांना बॉम्ब ठेवायची मुभा आणि बाकीच्यांना मनाई, हा पंक्तिप्रपंच भारताने मानला नाही, सहीही केली नाही. पण अन्यायकारक असणं वेगळं आणि निकामी असणं वेगळं. सत्तरच्या दशकात पंधरा ते पंचवीस देशांकडे अण्वस्त्रं असतील, अशी भीती अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांनी १९६३ मध्ये बोलून दाखवली होती. आज असे देश नऊच आहेत. दक्षिण आफ्रिकेने तर तयार झालेले सहा बॉम्ब मोडीत काढून १९९१ मध्ये करार स्वीकारला. याचं सारं श्रेय कराराचं नव्हे. जपान-जर्मनीसारख्यांना अमेरिकेचं संरक्षणछत्र होतं. तरीही चोरून बॉम्ब बनवणं अवघड झालं ते देखरेखीमुळेच.

या देखरेखीबद्दलचा समज असा की आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचे निरीक्षक म्हणजे यजमान दाखवील तेवढंच पाहून, चहा घेऊन परतणारे पाहुणे. १९९१ पर्यंत हे फारसं खोटं नव्हतं. ते जाहीर केलेल्या ठिकाणीच जात, आणि इराकचा छुपा कार्यक्रम त्यांच्या नाकाखाली चालला. त्यानंतर, १९९७ मध्ये, त्यांचे अधिकार वाढवणारा पूरक करार आला. २००३ मध्ये इराणने तेहरानमधल्या कालाये कारखान्यात निरीक्षक येण्याआधी बरेच फेरबदल करून ठेवले होते. तरी तिथे पुसून घेतलेल्या धुळीत समृद्ध युरेनियमचे कण सापडलेच.

मग उत्तर कोरियाचं काय, हा आक्षेप रास्त आहे. पण त्या देशाने दिलेल्या प्लुटोनियमच्या हिशेबातली तफावत निरीक्षकांनी १९९२ मध्येच पकडली होती. चोरी सापडली, पुढे काय करायचं यावर मात्र सत्तांचं एकमत टिकलं नाही. उत्तर कोरियाने २००३ मध्ये करार सोडल्याचं जाहीर केलं आणि २००६ मध्ये चाचणी केली. इराणशी २०१५ मध्ये झालेला समझोताही देखरेखीअभावी फिसकटला नाही. अमेरिका २०१८ मध्ये त्यातून बाहेर पडली आणि ३.६७ टक्क्यांवर बांधलेलं इराणचं युरेनियम समृद्धीकरण २०२१ मध्ये ६० टक्क्यांवर गेलं.

कराराचं अपयश शोधायचंच तर ते पाच मान्यताप्राप्त धन्यांच्या निःशस्त्रीकरणाच्या वचनात आहे. १९८६ च्या सुमारास जगात सत्तर हजारांच्या आसपास अण्वस्त्रं होती, आता बारा हजारांच्या घरात आहेत. पण ही घट मुख्यतः शीतयुद्ध ओसरल्यामुळे आणि अमेरिका-रशियाच्या आपसातल्या करारांमुळे झाली. त्यातल्या शेवटच्या मोठ्या कराराखालच्या प्रत्यक्ष तपासण्या २०२० मध्ये कोविडमुळे थांबल्या. त्या पुन्हा सुरू होण्याआधीच, २०२३ मध्ये, रशियाने आपला सहभाग स्थगित केला.