वाशीचा बाजारभाव आणि ब्राउझरचा वेग

रात्रीं मालाची गाडी भरण्यापूर्वीं वाशीचा भाव शेतकऱ्यास कळला, तर माल आज तोडावा कीं दोन दिवस झाडावर ठेवावा, वाशीस धाडावा कीं जवळच्या पेठेंत विकावा, हें त्यास ठरवितां येतें. कांदा-बटाट्याचा बाजार १९८१ सालीं व फळ-भाजीपाल्याचा १९९६ सालीं मुंबई शहरांतून नवी मुंबईंत आला, त्या काळीं भाव कळण्याचीं साधनें म्हणजे अडत्याची पट्टी, गाडीवाल्याचा निरोप, आकाशवाणी आणि वर्तमानपत्र. आतां केंद्र सरकारची २००० सालीं सुरू झालेली ॲगमार्कनेट सेवा व राज्याच्या कृषि पणन मंडळाचें संकेतस्थळ हीं दोन्ही कोणासही फुकट पाहतां येतात. तथापि भावाचें पान वेळेवर उघडत नाहीं, यास कोणता ब्राउझर चांगला, असा प्रश्न शेतकरी बंधूंकडून वारंवार येतो. त्याचा येथें थोडा विचार करूं.

ब्राउझर म्हणजे संकेतस्थळाचें पान मागवून तें पडद्यावर मांडणारा प्रोग्राम. क्रोम, फायरफॉक्स, एज, ऑपेरा, ब्रेव्ह हे सर्व याच जातीचे, व सर्व फुकट. त्याचीं कामें दोन. दूरच्या यंत्राकडून पानाचे तुकडे आणविणें हें पहिलें. ते जुळवून पान उभें करणें हें दुसरें. दुसरें काम ब्राउझरच्या हातचें आहे, पहिलें बव्हंशीं नाहीं. विहिरीस झराच नसेल तर मोट बदलून पाटास पाणी वाढत नाहीं.

पान जुळविणाऱ्या भागास इंजिन म्हणतात. गुगलनें २०१३ सालीं निराळें काढलेलें ब्लिंक हें इंजिन क्रोमप्रमाणेंच एज, ऑपेरा, ब्रेव्ह व सॅमसंगचा ब्राउझर यांतही बसविलेलें आहे. फायरफॉक्सचें गेको तेवढें वेगळें. तेव्हां पांच नांवें पाहून पांच वाण आहेत असें समजूं नये. एकाच वाणाचें बीं निरनिराळ्या पिशव्यांत भरावें, तसा हा प्रकार आहे. वेग पाहण्यासाठीं स्पीडोमीटर नांवाची फुकट कसोटी आहे. तिची तिसरी आवृत्ति मार्च २०२४ मध्यें प्रसिद्ध झाली, व ती तयार करण्यांत ॲपल, गुगल, मायक्रोसॉफ्ट व मोझिला या प्रतिस्पर्धी मंडळींनीं हातभार लावला, ही गोष्ट विशेष होय. ती कसोटी याद्या करणें, खोडणें, आलेख काढणें अशीं कामें ब्राउझरकडून करवून घेते व गुण देते. गुण अधिक तितका वेग अधिक. परंतु हे गुण इंजिनाचे व मोबाइलच्या यंत्राचे असतात. टॉवर डोंगराआड असलेल्या वस्तींत पान केव्हां येईल, हें त्यावरून कळत नाहीं.

तें कळण्यास जाळ्याचा वेग पाहिला पाहिजे. तो मेगाबिटांत सांगतात, आणि पानाचें वजन मेगाबाइटांत. एका बाइटांत आठ बिट असतात. म्हणून दोन मेगाबाइटांचें पान दोन मेगाबिट वेगाच्या जाळ्यावर उतरण्यास निदान आठ सेकंद लागणारच, मग ब्राउझर कोणताही असो. अंतराचाही परिणाम होतो. काचतंतूंतून प्रकाश सेकंदास सुमारें दोन लक्ष किलोमीटर धांवतो. ऐरोली, रबाळे, महापे या भागांत, म्हणजे वाशीच्या बाजारापासून फार लांब नव्हे, मोठमोठीं डेटा सेंटरें उभीं आहेत. तेथील यंत्रावरून महाराष्ट्रांतील खेड्यांत पान येण्यांत अंतरामुळें होणारा विलंब नगण्य. तेंच पान अमेरिकेंत असल्यास एका जाऊन-येऊन खेपेस सेकंदाचा पांचवा हिस्सा किंवा अधिक लागतो, आणि अशा तीस खेपा एकामागून एक पडल्या तर सहा सेकंद केवळ वाट पाहण्यांत जातात. जाळें मोजणारीं फुकट साधनें आहेत, परंतु दर मोजणीस डेटा खर्च होतो; दिवसाचा डेटा बेताचा असेल त्यानें तीं जपून वापरावीं.

आतां तुलना कशी करावी? दोन वाणांची तुलना आपण शेतांत करितों तशीच. एक वाण काळ्या जमिनींत व दुसरा मुरमाड जमिनींत लावून निकाल सांगणारास कोणी शहाणा म्हणत नाहीं. मोबाइल एकच, जागा एकच, वेळ एकच ठेवावी, व आपणांस नित्य लागणारें भावाचेंच पान घ्यावें. एकदां उघडलेल्या पानाचे कांहीं तुकडे ब्राउझर स्वतःजवळ सांठवून ठेवतो, म्हणून दुसऱ्या खेपेस तें लवकर उघडतें. हा सांठा प्रत्येक वेळीं पुसावा. ब्राउझर आलटून पालटून प्रत्येकानें पांच वेळां पान उघडावें, सेकंद लिहून काढावे व पांचांतील मधला आंकडा घ्यावा. सकाळीं व रात्रीं असे दोन प्रयोग केल्यास उत्तम. रात्रीं जाळ्यावर गर्दी असते, आणि गाडी भरण्याची वेळही तीच.

फरक दोन-तीन सेकंदांहून कमी निघाला तर ब्राउझर बदलण्याच्या खटपटींत पडूं नये. खरा लाभ पान हलकें करण्यांत आहे. ब्रेव्ह जाहिराती आपोआप अडवितो, व अँड्रॉइडवरील फायरफॉक्सला यासाठीं यूब्लॉक ओरिजिन हें पूरक साधन जोडतां येतें. ऑपेरा मिनी अत्यंत बचतीच्या पद्धतींत पान प्रथम आपल्या यंत्रावर उघडून, दाबून लहान करून पाठवितो. मंद जाळ्यावर हा गुण मोठा आहे. पण बाजार व शेतमाल निवडण्याच्या याद्या त्यांत कधीं कधीं चालत नाहींत, आणि पान मध्यस्थाच्या हातून येत असल्यामुळें बँकेचा व्यवहार त्या पद्धतींत करूं नये, असें आमचें स्पष्ट मत आहे.

पान उघडल्यावर तें नीट वाचणें हेंही कामच आहे. तारीख आधीं पाहावी. कालचा भाव आजचा समजून माल धाडणारास वेगवान ब्राउझर काय करणार? परिमाण बहुधा क्विंटल असतें, परंतु पालेभाजी नगावरही दाखवितात. कमाल दर हा निवडक मालाचा. आपला हिशेब सर्वसाधारण दरावर करावा, आणि त्यांतून वाहतूक व हमाली वजा करून जवळच्या पेठेच्या भावाशीं ताडून पाहावा. आवक फुगली असेल तर दुसऱ्या दिवशीं भाव उतरण्याचा संभव धरावा.

सात-बारा महाभूलेखावर फुकट पाहतां येतो, परंतु सरकारी कामास चालणारा डिजिटल सहीचा उतारा पंधरा रुपये शुल्क भरून घ्यावा लागतो. हवामानासाठीं मेघदूत हें २०१९ सालचें ॲप आहे. फुकटच्या नांवाखालीं फसवणूकही चालते. कुसुम योजनेच्या सौर पंपासाठीं नोंदणीचे पैसे मागणारीं खोटीं संकेतस्थळें निघाल्यानें केंद्र सरकारास जाहीर इशारे द्यावे लागले. म्हणून आलेल्या दुव्यावर बोट न ठेवतां पत्ता स्वतः लिहावा, आणि सरकारी म्हणविणाऱ्या पत्त्याच्या शेवटीं ‘गव्ह डॉट इन’ नसल्यास पैसे भरण्यापूर्वीं तालुका कृषि अधिकाऱ्यांच्या कचेरींत विचारून घ्यावें.