हिवाळ्यातील पाणपक्षी आणि शाळेची निसर्गभेट

परिसर अभ्यासाच्या पाठात पक्ष्यांची चोच, पाय व पिसे यांची माहिती दिलेली असते. ती वाचून दाखवावी, फळ्यावर चित्र काढावे आणि प्रश्नोत्तरे लिहून घ्यावीत, असा क्रम बहुतेक शाळांतून चालतो. अन्य जिल्ह्यांत तो क्षम्य म्हणता येईल. आपल्या गोंदिया जिल्ह्यात मात्र नोव्हेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत हाच पाठ प्रत्यक्ष पाण्यावर पोहत असतो. तो पाहावयास विद्यार्थ्यांस न नेणे ही त्यांची मोठी हानी होय. या लेखात अशा भेटीसाठी शिक्षक बंधुभगिनींस उपयोगी पडेल अशी माहिती देण्याचे योजिले आहे. उदाहरणादाखल अर्जुनी मोरगाव तालुक्यातील नवेगावबांध येथील जलाशय घेतला आहे. तथापि येथील बहुतेक विवेचन कोणत्याही गावतळ्यास लागू पडावे.

नवेगावबांधचा तलाव निसर्गनिर्मित नव्हे, ही गोष्ट मुलांस प्रथम सांगावी. अठराव्या शतकाच्या प्रारंभी कोलू पाटील कोहळी यांनी डोंगरांच्या मधील खिंडी बांधांनी अडवून तो निर्माण केला. भोवतालच्या डोंगरांस लोक ‘सात बहिणी’ म्हणतात, आणि बांध घालण्याच्या कामी या बहिणींनीच साहाय्य केले अशी कथा सांगतात. सुमारे ११ चौरस किलोमीटर विस्ताराचा हा जलाशय खोदकामाची अवजड यंत्रे नसलेल्या काळात कुदळ, फावडे व टोपली यांच्या बळावर उभा राहिला. गोंड राजांच्या आश्रयाने कोहळी समाजाने पूर्व विदर्भात असे असंख्य तलाव बांधले. पुढे ते मालगुजारी तलाव म्हणून ओळखले जाऊ लागले. धानाच्या शेतीसाठी केलेली ही योजना पाणपक्ष्यांस किती मानवली, हे हिवाळ्यातील एका सकाळी ध्यानी येते. नवेगाव राष्ट्रीय उद्यानाची घोषणा १९७५ साली झाली, आणि २०१३ साली त्यासह नागझिरा अभयारण्याचा समावेश होऊन नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प अस्तित्वात आला. वाघाचे आकर्षण मुलांस असतेच. परंतु वाघ दिसेल असे आश्वासन कोणत्याही शिक्षकाने देऊ नये. बदकांविषयी असे आश्वासन बहुधा निर्धास्तपणे देता येते.

आता पक्षी याच ठिकाणी का उतरतात, याचा विचार करू. मालगुजारी तलावाचा तळ बांधाकडे खोल आणि पाण्याच्या येव्याकडे उथळ होत गेलेला असतो. पावसाळा सरल्यावर पाणी हळूहळू मागे हटते व काठाशी ओलसर गाळाची पट्टी उघडी पडते. त्या गाळात किडे, अळ्या व गोगलगायी असतात. त्यापुढे गुडघाभर पाण्यात देवधान, कमळ व इतर पाणवनस्पती वाढलेल्या असतात, आणि त्याहीपुढे खोल पाण्यात मासे. म्हणजे एकाच तलावात तीन निरनिराळी भोजनगृहे शेजारी शेजारी थाटलेली असतात. ज्याचे पाय जेवढे लांब व चोच ज्या प्रकारची, त्याप्रमाणे प्रत्येकाने आपली जागा धरलेली असते. धोबी पक्षी गाळावर शेपटी हालवीत फिरतो. बगळा घोटाभर पाण्यात निश्चल उभा राहतो. मुग्धबलाक नावाच्या बगळ्यासारख्या मोठ्या पक्ष्याच्या चोचीची दोन टोके मिटली तरी मध्ये फट राहते. अशा चोचीने तो गोगलगायीस शंखातून बाहेर ओढतो. कमळपक्ष्याची बोटे इतकी लांब असतात की त्याचा भार पानावर पसरतो आणि तो तरंगत्या पानांवरून खुशाल चालत जातो. त्याच्या संसाराची रीतही मुलांस नवल वाटावे अशी आहे: अंडी उबविण्याचे व पिले सांभाळण्याचे काम नराकडे असते. पाणकावळा मात्र खोल पाण्यात बुडी मारून माशाचा पाठलाग करतो व नंतर पंख पसरून उन्हात वाळवीत बसतो.

बदके ओळखण्याचा सोपा मार्ग रंगांपासून सुरू करू नये. रंग दुरून फसवितात, आणि मादीचा रंग तर बहुधा मातकटच असतो. प्रथम त्यांचे वर्तन पाहावे. काही बदके डोके पाण्यात घालून शेपटी आकाशाकडे करतात, पण शरीर बुडवीत नाहीत. तलवार बदक व थापट्या ही या वर्गातील होत. थापट्याची चोच टोकाशी फावड्यासारखी रुंद असून तिच्या कडांना बारीक दात्यांची गाळणी असते. दुसऱ्या वर्गातील बदके, उदाहरणार्थ लालसरी, समूळ बुडी मारून तळाच्या वनस्पतींपर्यंत जातात. उडतानाही भेद दिसतो. पहिल्या वर्गातील बदक पाण्यावरून सरळ वर उठते. बुडी मारणाऱ्यास मात्र पाण्यावर काही अंतर पाय आपटीत धावावे लागते, कारण त्याचे पाय शरीराच्या मागच्या बाजूस असतात. एवढे दोन भेद कळले की चौथीतील मूलही अर्ध्या तासात वर्गीकरण करू लागते. जांभळी पाणकोंबडी व कपाळावर पांढरा टिळा असलेला काळा वारकरी यांसही मुले बदकेच म्हणतील. त्यांस लगेच थांबवू नये. चोच नीट पाहा, एवढेच सांगावे.

या सर्वांत विशेष लक्षणीय पाहुणा म्हणजे पट्टकादंब. राखी रंगाचा, पांढऱ्या डोक्यावर मागील बाजूस दोन काळे पट्टे असलेला हा हंसाच्या कुळातील पक्षी तिबेट, मंगोलिया इत्यादी उंच प्रदेशांतील सरोवरांकाठी अंडी घालतो आणि हिवाळ्यात हिमालय ओलांडून भारतात येतो. संशोधकांनी काही पक्ष्यांच्या अंगावर लहान यंत्रे बसवून त्यांच्या प्रवासाची नोंद घेतली, तेव्हा ७,००० मीटरहून अधिक उंचीवरील उड्डाण आढळून आले. तेथे हवा विरळ असते. परंतु या पक्ष्याच्या रक्तातील प्राणवायू वाहणारे द्रव्य अशा हवेतूनही प्राणवायू अधिक सहजतेने ग्रहण करते, आणि शरीराच्या मानाने त्याची फुप्फुसेही मोठी असतात. पिले पहिला प्रवास आईबापांच्या सोबतीने करतात व मार्ग शिकतात. आपल्याच अर्जुनी मोरगाव तालुक्यात १९७२ सालापासून तिबेटी बांधवांची वसाहत आहे. त्यांच्या वडीलधाऱ्यांनी मायदेशी याच पक्ष्यांचे थवे पाहिले असतील. त्या परिसरातील शिक्षकांनी त्यांस शाळेत पाचारण करून चार गोष्टी ऐकाव्यात. चक्रवाकाचेही मूळ घर अशाच उंच सरोवरांकाठी आहे. संस्कृत काव्यात रात्री विरह भोगणारे जोडपे ते हेच. नारिंगी-बदामी रंगामुळे ते दुरूनही ओळखू येते.

‘थंडीमुळे पक्षी आपल्याकडे येतात’ असे उत्तर मुले पाठ करतात. ते अर्धवट आहे. अंगावरील पिसे थंडीपासून पुरेसे रक्षण करतात; परंतु सरोवरे गोठली व जमीन बर्फाने झाकली की अन्न मिळत नाही. दिवस लहान होऊ लागल्याची जाणीव होताच पक्ष्यांच्या शरीरात बदल घडतात, ते भरपूर खाऊन चरबी साठवितात व निघतात. दिशा ठरविण्यास सूर्य, तारे व पृथ्वीचे चुंबकत्व यांचे साहाय्य होते. परतीच्या प्रवासाची शिदोरी त्यांस येथेच, आपल्या तळ्यांतून, साठवावयाची असते. म्हणूनच मौज म्हणून दगड मारून थवा उडविणे हा निरुपद्रवी खेळ नव्हे. प्रत्येक उड्डाणास शक्ती खर्चावी लागते व चरण्याचा वेळ बुडतो.

पक्ष्यांच्या पायात क्रमांकाचे कडे घालून त्यांचे मार्ग शोधण्याचे कार्य १८८३ साली मुंबईत स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने डॉ. सलीम अली यांच्या मार्गदर्शनाखाली १९५९ पासून मोठ्या प्रमाणावर केले. एखाद्या मुलास मृत पक्ष्याच्या पायात असे कडे आढळल्यास त्यावरील अक्षरे व अंक जसेच्या तसे लिहून घेऊन वनकार्यालयास कळवावे. नवेगावबांध येथे वनाधिकारी म्हणून राहिलेले व या परिसरावर विपुल लेखन करणारे मारुती चितमपल्ली यांचे १८ जून २०२५ रोजी निधन झाले. त्यांची जन्मतारीख ५ नोव्हेंबर व सलीम अलींची १२ नोव्हेंबर; म्हणून या दोन तारखांमधील काळ महाराष्ट्रात २०२० पासून पक्षी सप्ताह म्हणून पाळला जातो. शाळांतून या सप्ताहात घोषवाक्यांची स्पर्धा होते, ती होवो. परंतु त्या वेळी पाहुणे नुकतेच येऊ लागलेले असतात. खरी भेट जानेवारीत ठेवावी.

भेटीच्या व्यवस्थेसंबंधी थोडेसे. वनविभागाची परवानगी व पालकांची लेखी संमती आधी घ्यावी. जानेवारीत सूर्योदय पावणेसातच्या सुमारास होतो. त्या वेळी तलावावर पोहोचलेले असावे. सूर्य पाठीशी राहील अशी जागा निवडावी, अन्यथा सारेच पक्षी काळे दिसतात. आठ-दहा मुलांमागे एक शिक्षक हवा, आणि पाण्याच्या काठावर हा नियम कोणत्याही सबबीवर सैल करू नये. शंभर मुलांची रांग व शिट्टी घेऊन निघालेल्या एका सहलीत मी स्वतः उपस्थित होतो. मुलांनी त्या दिवशी पाहिले ते केवळ एकमेकांचे डबे. दुर्बीण असल्यास उत्तम, नसल्यास अडत नाही. वहीत दिनांक, वेळ, ठिकाण आणि चिमणी, साळुंकी, कावळा व घार यांच्या तुलनेत पक्ष्याचा आकार लिहावा. मोठा थवा मोजताना प्रथम दहा पक्षी मोजून तेवढी जागा डोळ्यांत धरावी व तशा किती जागा भरतात ते पाहावे. गणिताचा तासही होऊन जातो. नावे गावातली असली तरी तीच लिहू द्यावीत. ढिवर बांधवांस पाण्यावरच्या पक्ष्यांची जी ओळख असते ती पुस्तकात क्वचितच सापडते. खंड्या पक्ष्याचे दुसरे नाव धीवर आहे, हे मुलांस सांगितल्यास ती आपण होऊन हसतील.

तळ्यांची स्थिती मात्र पूर्वीसारखी राहिलेली नाही. बेशरमाच्या झुडपांनी अनेक तळ्यांचे उथळ काठ व्यापले, पाणवनस्पती नाहीशा झाल्या आणि त्यांबरोबर मासे व पक्षीही कमी झाले. याच तालुक्यात ढिवर स्त्रीपुरुषांनी बेशरम उपटून देशी पाणवनस्पतींची पुन्हा लागवड केली आहे. शक्य तेथे मुलांस ते काम दाखवावे.

शेवटी सारसाविषयी. तो पाहुणा नव्हे, बारमाही रहिवासी आहे. उडू शकणाऱ्या पक्ष्यांत जगात सर्वांत उंच असलेला हा क्रौंच महाराष्ट्रात आज मुख्यत्वे आपल्याच जिल्ह्यात उरला आहे, आणि तोही अगदी मोजक्या संख्येने. गोंदिया तालुक्यातील परसवाडा व झिलमिली येथील तलावांवर हिवाळ्यात नर-मादी व त्यांचे वाढते पिलू असे कुटुंब दिसण्याचा संभव असतो. पावसाळ्यात तो धानाच्या बांधीत किंवा दलदलीत गवताचा ढीग रचून बहुधा दोन अंडी घालतो व दोघेही आळीपाळीने सुमारे महिनाभर ती उबवितात. धानाचा थोडा तुकडा त्यात वाया जातो. ज्याचे शेत लहान, त्यास ते खटकणे स्वाभाविक आहे. त्यास दोष देऊन काम होणार नाही. विजेच्या तारा व शेतात फवारली जाणारी विषारी औषधे यांचाही धोका आहेच. परंतु घरटे कोणाच्या शेतात आहे हे पुष्कळदा त्या घरच्या मुलास सर्वांआधी कळते, आणि ते मूल आपल्याच वर्गात बसलेले असते. त्याने सांगितल्यास प्रथम त्याच्या वडिलांची भेट घ्यावी, नंतर वनरक्षकास कळवावे, आणि घरट्याची जागा इतरत्र बोलू नये; मुलांचे घोळके तर तेथे मुळीच नेऊ नयेत. त्या मुलास एक वही द्यावी व बांधावर दूर उभे राहून रोज काय दिसते ते लिहावयास सांगावे.