दार ठोठावणाऱ्यांची शिस्त

लंडनच्या संसदभवनात हाउस ऑफ कॉमन्स आणि हाउस ऑफ लॉर्ड्स यांच्या मधोमध एक अष्टकोनी दालन आहे, सेंट्रल लॉबी. कोणीही मतदार इथं येऊन हिरव्या कार्डावर आपलं नाव नि काम लिहितो आणि आपल्या खासदाराला निरोप धाडतो. खासदाराला सवड असेल तर तो बाहेर येऊन भेटतो. गाऱ्हाणं घेऊन लोकप्रतिनिधीकडे जाणं हा नागरिकाचा हक्कच आहे. पण दुसऱ्याचं गाऱ्हाणं पैसे घेऊन मांडणाऱ्याचं काय? कंपन्या, व्यापारी संघटना, धर्मादाय संस्था यांच्या वतीनं सरकारशी बोलण्याच्या या व्यवसायाला पब्लिक अफेअर्स म्हणतात. त्यात काम करणाऱ्यांनी स्वतःवर घालून घेतलेल्या बंधनांची ही ओळख.

1994 साली ब्रिटन ‘कॅश फॉर क्वेश्चन्स’ प्रकरणानं ढवळून निघालं. हॅरड्स या बड्या दुकानाच्या मालकासाठी संसदेत प्रश्न विचारायला खासदारांना एका लॉबिस्टमार्फत पैसे दिले गेले, असा आरोप ‘गार्डियन’नं छापला. सार्वजनिक जीवनातल्या आचरणाची तपासणी करायला नोलन समिती नेमली गेली. त्याच वर्षी काही सल्लागार कंपन्यांनी एकत्र येऊन एपीपीसी ही संघटना काढली. 2018 मध्ये ती पीआरसीए या 1969 पासूनच्या जनसंपर्क संघटनेत विलीन झाली आणि तिथं पब्लिक अफेअर्स बोर्ड उभं राहिलं.

इथं सभासद व्हायचं म्हणजे वर्गणी भरून ओळखी वाढवायच्या, एवढंच नाही. आपण कोणासाठी काम करतो, हे दर तिमाहीला जाहीर नोंदवहीत लिहावं लागतं. काम करणाऱ्यांची नावं आणि अशिलांची नावं, दोन्ही. खासदाराला पैशाचं आमिष दाखवायचं नाही. संसदेत मुक्त प्रवेशाचा पास जवळ बाळगायचा नाही. मंत्र्याशी बोलताना आपण कोणाच्या वतीनं आलो आहोत, हे लपवायचं नाही. तक्रार आली तर चौकशीला सामोरं जायचं.

या नियमांना किती धार आहे, ते 2017 मध्ये दिसलं. मार्गारेट थॅचर यांचे प्रसिद्धी सल्लागार टिम बेल यांनी उभारलेली बेल पॉटिंजर ही लंडनमधली बडी कंपनी. मूळच्या सहारनपूरच्या गुप्ता कुटुंबाच्या कंपनीसाठी तिनं दक्षिण आफ्रिकेत चालवलेली मोहीम वांशिक तेढ वाढवणारी होती, अशी तक्रार तिथल्या डेमोक्रॅटिक अलायन्स या तेव्हाच्या विरोधी पक्षानं पीआरसीएकडे केली. चौकशीनंतर सप्टेंबरमध्ये कंपनीची किमान पाच वर्षांसाठी हकालपट्टी झाली. अशिलांनी पाठ फिरवली आणि त्याच महिन्यात कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. संघटनेच्या हाती ना पोलीस होते, ना न्यायालय. तिनं फक्त आपलं नाव काढून घेतलं.

कायदाही आला, पण तो तोकडा निघाला. 2014 च्या कायद्यानं सल्लागार लॉबिस्टांची सरकारी नोंदवही सुरू केली. कंपनीच्या पगारावरचे लोक मात्र तिच्याबाहेर राहिले. 2021 मध्ये माजी पंतप्रधान डेव्हिड कॅमेरून यांनी ग्रीनसिल कंपनीसाठी मंत्र्यांना मेसेज पाठवल्याचं उघड झालं. ते कंपनीचे कर्मचारी असल्यानं त्यांना नोंदणीची गरज नव्हती, असा निष्कर्ष या नोंदवहीच्या निबंधकांनी काढला. कायदाही त्यांच्याच सरकारच्या काळातला होता. पीआरसीएची आचारसंहिता पगारी सभासदांनाही लागू असते. कायदा जिथं थांबतो, तिथून पुढं व्यवसायाची शिस्त चालते, ती अशी. तिची मर्यादाही उघड आहे: सभासदत्व ऐच्छिक असल्यामुळे जो आत आलाच नाही, त्याला बाहेर काढता येत नाही. म्हणून कायदा आणि संघटना, दोन्ही हव्यात.

भारतात लॉबिंगसाठी स्वतंत्र कायदा नाही, जाहीर नोंदवहीही नाही. दिल्लीत पब्लिक अफेअर्स फोरम ऑफ इंडिया ही या क्षेत्रातल्या व्यावसायिकांची संघटना आहे. सरकारपुढं म्हणणं मांडायला वाट मात्र आहे: केंद्राच्या 2014 च्या धोरणानुसार विधेयकाचा मसुदा किमान 30 दिवस लोकांसमोर ठेवणं अपेक्षित आहे. महाराष्ट्रात मसुदा नियमांवर हरकती व सूचना मागवल्या जातात. शेतकरी संघटना, लघुउद्योजक, ग्राहक पंचायत यांनी सरकारला आपलं म्हणणं सांगायलाच हवं आणि ते नेमकेपणानं मांडणारी जाणती माणसंही हवीत. या व्यवसायात शिरणाऱ्या तरुणानं म्हणूनच संघटना निवडताना तिथं कोणाच्या ओळखी होतील हे नंतर पाहावं. सभासदांच्या अशिलांची यादी ती छापते का आणि नियम मोडणाऱ्याला बाहेर काढते का, हे आधी विचारावं.