तेरा लढती, एकच पक्ष

1995 च्या विधानसभा निवडणुकीत सांगोल्यात गणपतराव देशमुख 192 मतांनी पडले. त्यांना पाडणारे शहाजीबापू पाटील काँग्रेसचे होते. त्या साली राज्यात काँग्रेसचीच दाणादाण उडाली होती. 288 पैकी 80 जागा कशाबशा पदरात पडल्या आणि शिवसेना-भाजप युतीचे सरकार आले. गावोगाव काँग्रेसचे दिग्गज आडवे होत असताना सांगोल्यात मात्र काँग्रेसने गुलाल उधळला. राज्यात वारे कुठले आहे ते पाहून सांगोल्याचे भाकीत करायला गेलेला माणूस हमखास तोंडघशी पडतो, तो असा.

गणपतराव, तालुक्याचे आबासाहेब, सांगोल्यातून एकूण तेरा वेळा विधानसभेला उभे राहिले. अकरा वेळा निवडून आले, दोनदा पडले. महाराष्ट्राच्या विधानसभेत इतक्या वेळा निवडून आलेला दुसरा आमदार नाही. तेराही वेळा पक्ष एकच होता: शेतकरी कामगार पक्ष, म्हणजे शेकाप. त्यांच्या साधेपणाबद्दल, एसटीच्या प्रवासाबद्दल पुष्कळ लिहून झाले आहे. साधेपणा खराच होता, पण निव्वळ साधेपणावर कोणी अकरा निवडणुका जिंकत नाही. साधे राहून डिपॉझिट घालवलेले उमेदवारही महाराष्ट्राने ढिगाने पाहिले आहेत.

आधी पक्षाविषयी थोडे. 1947 साली काँग्रेसमधल्याच नाराज बहुजन नेत्यांनी शेतकरी कामगार संघ काढला. त्यातून शेकाप उभा राहिला. केशवराव जेधे, शंकरराव मोरे, क्रांतिसिंह नाना पाटील, दत्ता देशमुख, तुळशीदास जाधव ही मंडळी त्यात होती. 1950 च्या दाभाडी प्रबंधाने पक्षाने मार्क्सवादाची दीक्षा घेतली. सोलापूर जिल्ह्यात तेव्हा पक्षाचे वजन इतके की 1952 च्या पहिल्या लोकसभेला सोलापुरातून शंकरराव मोरे शेकापचे म्हणून निवडून गेले. पुढे गळती लागली. जेधे आणि मोरे काँग्रेसमध्ये परतले, तुळशीदास जाधवही गेले. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात शेकापने पुन्हा उसळी घेतली, पण महाराष्ट्र झाल्यावर यशवंतराव चव्हाणांच्या बेरजेच्या राजकारणात शेकापचे अनेक कार्यकर्ते अलगद काँग्रेसकडे सरकले. काँग्रेसमध्ये सत्ता होती, साखर कारखाने होते, सहकारी बँका होत्या. लाल बावट्याखाली राहून मिळायचे होते मोर्चे आणि खटले.

नेमक्या त्या काळात मोहोळ तालुक्यातल्या पेनूरमध्ये 1926 साली जन्मलेला हा वकील सांगोल्यात शेकापकडून उभा राहिला. साल 1962. काँग्रेसने 264 पैकी 215 जागा जिंकल्या, शेकापच्या वाट्याला 15 आल्या. त्या पंधरांत सांगोला होते. 1967 ला पक्ष 19 वर गेला आणि गणपतराव पुन्हा निवडून आले. शेकाप तेव्हा विधानसभेतला प्रमुख विरोधी पक्ष होता आणि कृष्णराव धुळप विरोधी पक्षनेते होते. आज शेकापचे नाव काढले की अलिबागपलीकडे न जाणाऱ्या तरुण वाचकाला हे खरे वाटणार नाही.

1972 ला मात्र बांगलादेश युद्धानंतरच्या इंदिरा लाटेत गणपतराव वाहून गेले. काँग्रेसचे काकासाहेब साळुंखे-पाटील निवडून आले, शेकाप सातवर घसरला. त्याच साली दुष्काळाने महाराष्ट्राचा घसा कोरडा केला. सांगोला तर कायमचा अवर्षणप्रवण तालुका. माण नदी असून नसल्यासारखी. खडी फोडायच्या कामावर गावेच्या गावे गेली. पुढे काकासाहेबांचे निधन झाले, 1974 मध्ये पोटनिवडणूक लागली आणि गणपतराव परत विधानसभेत आले. दुष्काळात त्यांनी काय केले आणि मतदाराला त्यातले काय आठवले, याचा तोळामासा हिशेब मांडता येत नाही. पण तिथून 1990 पर्यंत, 1978, 1980, 1985 धरून, ते एकदाही पडले नाहीत. मधल्या काळात 1977-78 मध्ये ते विरोधी पक्षनेते झाले. 1978 ला शरद पवारांनी वसंतदादांचे सरकार पाडून पुलोदचे सरकार केले, त्यात ते मंत्रीही होते. ते सरकार फेब्रुवारी 1980 मध्ये बरखास्त झाले. मंत्रिपद गेले, पण त्या वर्षीच्या निवडणुकीत आमदारकी शाबूत राहिली.

एवढ्या वर्षांत त्यांनी तालुक्यात काय उभे केले, ते पाहायचे तर सांगोल्याची शेतकरी सहकारी सूतगिरणी पाहावी. कापसाचे बोंड न पिकणाऱ्या तालुक्यात सूतगिरणी, हीच मुळात हसण्यावारी नेण्याजोगी कल्पना. कापूस बाहेरून आणायचा, सूत बाहेर विकायचे, तालुक्याचे म्हणून काय ते कामगारांचे हात. राज्यात कापूस पिकवणाऱ्या भागांतल्या कितीतरी सहकारी सूतगिरण्या कर्जात बुडाल्या, भंगारात निघाल्या. ही मात्र चालली. विरोधकसुद्धा तिचे नाव घेताना आवाज चढवत नाहीत. सहकारात संस्था बुडवून नेते मोठे झाल्याचीच उदाहरणे आपल्याला जास्त ठाऊक, म्हणून ही नोंद.

दुसरी लढाई पाण्याची. टेंभू योजना कराडजवळ कृष्णेचे पाणी उचलते आणि टप्प्याटप्प्याने खानापूर, आटपाडी, सांगोल्याकडे आणते. ती कागदावरून जमिनीवर यावी म्हणून आटपाडीला दुष्काळी तालुक्यांच्या पाणी परिषदा भरत. क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी, डॉ. भारत पाटणकर आणि गणपतराव, ही त्यांतली ठळक नावे. मागणीही नेमकी होती: समन्यायी पाणीवाटप. आंदोलनात बाहेर घोषणा द्यायच्या आणि आत सभागृहात त्याच मागणीवर आकडेवारीनिशी बोलायचे, ही दुहेरी कसरत त्यांना जमली. शहाजीबापूंसारखा जोरदार गडी समोर असूनही 1999 ला आबासाहेब परत निवडून आले, यामागे ही सगळी शिल्लक होती.

1999 नंतर मात्र गोष्ट सरळ राहत नाही. आयुष्यभर काँग्रेसशी लढलेला हा नेता विलासराव देशमुखांच्या आघाडी सरकारात मंत्री झाला. शेकापचे आमदार होते पाच, पण त्रिशंकू विधानसभेत पाचांनाही भाव होता. 2002 च्या जूनमध्ये रायगड जिल्ह्यात शेकापचे राष्ट्रवादीशी बिनसले, पक्षाने पाठिंबा काढला आणि गणपतराव मंत्रिमंडळातून बाहेर पडले. सांगोल्याचा त्या भांडणाशी काडीचा संबंध नव्हता. इथे त्यांची पक्षनिष्ठा खरी कसाला लागली. पक्षाचा निर्णय, म्हणून लाल दिव्याची गाडी परत केली. अशा वेळी ‘कार्यकर्त्यांच्या आग्रहास्तव’ पक्ष बदलणारे आपण आता इतके पाहतो की हा प्रसंग दुसऱ्या कुठल्या राज्यातला वाटावा.

पण नाण्याची दुसरी बाजूही सांगायला हवी. 2004, 2009, 2014 या तिन्ही निवडणुका गणपतरावांनी जिंकल्या. त्याच तीन निवडणुकांत शेकापचे आमदार होते अनुक्रमे दोन, चार आणि तीन. 1978 आणि 1985 ला हाच पक्ष 13 वर होता. म्हणजे माणूस जिंकत राहिला आणि पक्ष आटत गेला. सांगोल्याबाहेर, अगदी शेजारच्या पंढरपूर, मंगळवेढ्यातही हे यश पसरले नाही. माझ्या मते याचे कारण असे की सांगोल्यात लोक शेकापला मत देत होते ते आबासाहेबांमुळे, दाभाडी प्रबंधामुळे नव्हे. स्वतः गणपतरावांनी पक्षाशी इमान राखले, यात शंका नाही. पण त्यांच्या पतपेढीतली पत पक्षाच्या खात्यावर कधी वळती झाली नाही, आणि पक्षाने तसा नेटाचा प्रयत्न केल्याचेही दिसत नाही.

2014 ची निवडणूक त्यांनी अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी लढवली. समोर शहाजीबापूच, आता शिवसेनेकडून. गणपतरावांना 94,374 मते पडली आणि ते 25,224 मतांनी जिंकले. 2019 ला वय झाले म्हणून ते थांबले. पक्षाने आधी दुसरे नाव पुढे केले, कार्यकर्ते बिथरले आणि अखेर तिकीट नातू डॉ. अनिकेत यांना मिळाले. निकाल लागला तेव्हा शहाजीबापू 768 मतांनी पुढे होते. दोघांच्याही मतांची संख्या लाखाच्या उंबरठ्यावर होती. तिकिटाचा घोळ पंधरा दिवस आधी मिटला असता तर निकाल फिरला असता, असे मानायला जागा आहे. ज्या पक्षाने घराणेशाहीला नावे ठेवण्यात हयात घालवली, त्याच्या कार्यकर्त्यांनीच नातवासाठी हट्ट धरला, याकडेही डोळेझाक करता येत नाही.

30 जुलै 2021 रोजी सोलापुरात गणपतरावांचे निधन झाले. पुढच्या वर्षी जूनमध्ये शहाजीबापू शिंदे गटासोबत गुवाहाटीला गेले आणि तिथल्या झाडी-डोंगराच्या फोनवरच्या वर्णनाने रातोरात राज्यभर प्रसिद्ध झाले. सांगोला हे नाव ज्यांनी पहिल्यांदा ऐकले ते त्या फोनमुळे.

2024 ला गणपतरावांचे दुसरे नातू डॉ. बाबासाहेब उभे राहिले. लढत तिरंगी झाली. महाविकास आघाडीत शेकापचा मित्रपक्ष म्हणवणाऱ्या ठाकरे गटानेही इथे दीपक साळुंखे यांना उतरवले आणि त्यांनी चांगलीच मते घेतली. तरीही बाबासाहेब शहाजीबापूंच्या पुढे पंचवीस हजारांहून अधिक मतांनी निघाले. आजोबांचे शेवटचे मताधिक्यही जवळपास तेवढेच होते. ही मते पक्षाची, आजोबांची की नातवाची, हे 2029 ला थोडेफार कळेल. तूर्त 288 आमदारांच्या विधानसभेत शेकापचा एकच आमदार आहे, तो सांगोल्याचा.